पेंच ते कऱ्हांडला, कन्हानमार्गे

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की कामठीची छावणी मागे पडते, कन्हान नदीचा पूल येतो आणि पुलापलीकडे कन्हान लागतं. पेंचला वाघ पाहायला निघालेल्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत. थांबल्याच तर तर्री-पोह्यापुरत्या. पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही प्रवेशद्वारांची नावं पाठ असतात. कन्हान म्हणजे वाटेतली गर्दी आणि ट्रकांची रांग. मी मात्र या वेळी प्रवासाची सुरुवात मुद्दाम कन्हानहून केली. जंगलात वाघ किती आहेत हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. एका जंगलातला वाघ दुसऱ्या जंगलात पोचतो का, आणि पोचत असेल तर कुठून, हे पाहायचं तर दोन जंगलांच्या मधे जाऊन उभं राहायला हवं. कन्हान नेमकं तिथे आहे.

उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, यांच्यातलं सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. वाघाच्या पायांना हे काही फार नाही. पण या पट्ट्यात काय काय आहे ते कन्हानच्या चौकात उभं राहिलं की कळतं. हावडा-मुंबई लोहमार्ग गावातून जातो आणि रामटेकची गाडी इथूनच फुटते. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 याच पट्ट्यातून. भोवताली वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी: कामठी, इंदर, गोंडेगाव. उघड्या खाणीतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर लांबूनही दिसतात आणि नवख्या माणसाला ते खरेच डोंगर वाटतात. पश्चिमेला खापरखेडा आणि कोराडीच्या वीज केंद्रांची धुराडी. नदीच्या पात्रात रेतीचे घाट, घाटांवर ट्रॅक्टर.

चहाच्या टपरीवर विचारलं, "काका, इकडे वाघ-बिबट येतात का?"

"वाघ? तो तं तिकडं पेंचात," ते म्हणाले. "इकडं कोयशाच्या खाणीत काय करन तो?" मग थोडं थांबून, गाळणी झटकत म्हणाले, "बिबट मात्र येते. नदीच्या कडेकडेनं. कुत्रे खायले."

नदीच्या कडेकडेने, हे त्यांनी सहज सांगितलं, पण मला तेच हवं होतं. कन्हान नदी सातपुड्यातून निघते, छिंदवाड्याचा मुलूख ओलांडून नागपूर जिल्ह्यात उतरते. कन्हान गावाच्या थोडं वर, बिना संगमावर, तिला पेंच आणि कोलार या नद्या मिळतात. पेंच नदी तर व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातूनच आलेली. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या दोन धरणांनी अडवून उरलेलं तिचं पाणी कन्हानच्या पुलाखालून जातं. पुढे कन्हान मौद्याकडून वळत अंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते आणि तिथून खाली, वैनगंगेच्या उजव्या अंगाला, कऱ्हांडल्याचं जंगल सुरू होतं. म्हणजे नकाशावर तरी ही दोन जंगलं एका पाण्याने जोडलेली आहेत. मी आधी पाण्याच्या उलट दिशेने पेंचकडे जायचं ठरवलं आणि मग पाण्याबरोबर खाली कऱ्हांडल्याकडे.

टेकाडी, डुमरी, आमडी फाटा अशी गावं मागे पडतात तसा रस्ता मोकळा होतो. मनसरला उजवीकडे रामटेकचा गड दिसतो. मनसरची टेकडी वाकाटकांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिच्या पायथ्याशी मॅंगनीजच्या खाणी आहेत. इथून मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या खवासापर्यंतचा सुमारे 37 किलोमीटरचा टप्पा हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. इथे महामार्ग पेंचच्या जंगलाला खेटून, काही ठिकाणी थेट जंगलातून जातो. रस्त्याच्या पश्चिमेला पेंचचा गाभा. पूर्वेला रामटेक, देवलापारकडचं जंगल, जे तुटत-जुळत पुढे नागझिऱ्याकडे आणि कान्ह्याकडे जातं.

हा रस्ता चौपदरी करायचा ठरलं तेव्हा वर्षानुवर्षं वाद चालला. प्रकरणं न्यायालयात गेली. एका बाजूला खड्ड्यांनी हैराण झालेली माणसं, दुसऱ्या बाजूला वन्यजीवांसाठी झगडणारी माणसं, आणि दोघांचंही म्हणणं खरं. शेवटी रस्ता झाला, पण प्राण्यांसाठी खालून वाट ठेवून. महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी महामार्ग खांबांवर उचलला आहे. रुंदी कुठे 50 मीटर, तर कुठे 750 मीटर.

चोरबाहुलीच्या पुढे एका ठिकाणी, वनरक्षकाला बरोबर घेऊन, मी या उचललेल्या रस्त्याखाली उतरलो. वर ट्रकांचा अखंड घरघराट, प्रत्येक जोडावर धडधड. खाली अनपेक्षित गारवा. मार्च संपत आला होता, आजूबाजूचा साग निष्पर्ण झालेला, पळस फुलून गेलेला, आणि या सावलीत मातीवर सकाळचा ओलावा थोडा टिकून होता. त्या मातीत चितळांचे खूर एकमेकांवर पडलेले. त्यांच्या मधून रानडुकरांनी जमीन उकरलेली. खांबाच्या कडेने एक पाऊलवाट गेली होती आणि वनरक्षकाने काठीच्या टोकाने एक ठसा दाखवला: बोटं लांबट, तळवा मोठा, नखांच्या खुणा नाहीत. "मादी आहे," तो म्हणाला. नराचा ठसा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो, हे त्याने मला मातीवर बोटाने रेखून दाखवलं. ठसा पश्चिमेकडून पूर्वेकडे जात होता.

या वाटांवर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 साली कॅमेरे लावले. अठरा जातींच्या वन्यप्राण्यांनी या वाटा वापरल्याचं दिसलं. त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते आणि ते 89 वेळा खालून गेले. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. भारतात अशा बांधकामांना 'पैशांची नासाडी' म्हणणारे पुष्कळ होते. प्राणी अशा पुलाखालून कधी जाणार नाहीत, असंही छातीठोकपणे सांगितलं जायचं. ते गेले.

पण वाघ रस्ता ओलांडतो म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नये. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

वाघाची जनुकं जोडीने असतात: एक आईकडून, एक बापाकडून. मोठ्या संख्येत एकाच जनुकाचे कितीतरी प्रकार नांदतात. संख्या लहान झाली की त्यांतले काही प्रकार निव्वळ योगायोगाने पुसले जातात. एखाद्या वाघिणीची सगळी पिल्लं मेली, एखादा नर विजेच्या तारेला लागला, की त्यांच्याबरोबर तो प्रकार गेला. तो परत आपोआप तयार होत नाही. त्यात बाहेरून कुणी येत नसेल तर उरलेले सगळे एकमेकांचे नातलग होत जातात. एरवी जोडीतल्या चांगल्या प्रतीमागे दडून राहणारे दोष मग दोन्ही बाजूंनी येऊन उघडे पडतात. पिल्लं कमी जगतात, नरांची प्रजननक्षमता घसरते, रोगाशी लढायची ताकद कमी होते. बाहेरून वाघांचा आकडा चांगला दिसतो आणि आतून पाया खचत असतो.

देवलापारजवळ गवळाऊ गाई चारणाऱ्या एका म्हाताऱ्या गुराख्याला मी हे सगळं माझ्या परीने सांगायचा प्रयत्न केला. तो मधेच म्हणाला, "म्हणजे वळू बदलवा लागते, तसंच न? एकच वळू ठेवला तं दोन-तीन पिढ्यांत वासरं बारीक होतात." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. फरक एवढाच, की गावात वळू बदलणारा माणूस असतो. जंगलात ते काम वाघाने स्वतःच्या पायांनी करायचं असतं.

ते काम होतं की नाही हे शोधायची युक्ती अगदी साधी वस्तू हाताशी धरून केली जाते. वनरक्षकाने जंगलवाटेच्या कडेला ती दाखवली: वाघाची विष्ठा. वाळून पांढरट झालेली, त्यात सांबराचे राठ केस, हाडाचे बारीक तुकडे. विष्ठा आतड्यांतून जाताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी तिच्या वरच्या पातळ थरावर चिकटतात. हा थर ताजेपणी खरवडून अल्कोहोलमध्ये ठेवला तर प्रयोगशाळेत त्यातून डीएनए काढता येतो. मग आधी हे ठरवायचं की विष्ठा वाघाची की बिबट्याची, कारण डोळ्यांना फसगत होऊ शकते. मग नर की मादी. मग जनुकांच्या काही ठराविक जागी कोणते प्रकार आहेत ते पाहिलं, की त्या एका वाघाची ओळख पटते, जणू आधार क्रमांक. वाघाला बेशुद्ध करायला नको, पकडायला नको, तो दिसायलाही नको. उन्हाळ्यात जंगलवाटा तुडवत फिरणारी तरुण पोरं-पोरी आणि त्यांच्याबरोबर चालणारे वनमजूर, या दोघांच्या पायपिटीवर या विषयाचं बरंचसं ज्ञान उभं आहे.

2013 साली या भागाबद्दल दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. संदीप शर्मा, त्रिष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या चार जंगलांतल्या 273 वाघांची जनुकं तपासली. त्यांना दिसलं ते असं: मध्य भारतात वाघ सुमारे दहा हजार वर्षांपासून आहेत; त्यांचे गट वेगळे व्हायला हजारेक वर्षांपूर्वी सुरुवात झाली, आणि गेल्या दोनशे वर्षांत, जंगलं तुटत गेली तशी, ही ताटातूट वेगाने वाढली. तरीही जिथे जंगलाचे पट्टे शिल्लक आहेत तिथे आजही जनुकांची देवाणघेवाण सर्वांत जास्त आहे. कान्हा आणि पेंच यांच्यात असा पट्टा आहे, आणि वाघ तो खरंच वापरतात.

दुसरा अभ्यास आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी मध्य भारतातल्या सहा संरक्षित जंगलांतले 55 वाघ घेतले. काही वाघांची जनुकं त्यांच्या सध्याच्या जंगलाशी जुळेनात, दूरच्या जंगलाशी जुळली. म्हणजे वाघ किंवा त्यांचे जवळचे पूर्वज कुठून तरी चालत आले होते. हे अंतर 650 किलोमीटरच्या घरात गेलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं पुढचं निरीक्षण. दोन जंगलांतलं अंतर किती, याने वाघांच्या येण्याजाण्यात फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो मधे माणसांची वस्ती किती दाट आहे आणि रस्ते किती आहेत याने. शिवाय, जिथे जायचं त्या जंगलात आधीच वाघांची दाटी किती, यानेही.

हे वाचल्यापासून नकाशाकडे बघायची माझी नजर बदलली आहे. पेंच आणि कऱ्हांडला जवळ आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही. टिपेश्वर आणि ज्ञानगंगा दूर आहेत म्हणून निराश व्हायचंही कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, ज्याला पुढे 'वॉकर' नाव पडलं, 2019 साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. तेलंगणात गेला, परत आला, वऱ्हाडातली कापसाची वावरं, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वळणावळणाने त्याची चाल 3,000 किलोमीटरच्या आसपास भरली. दिवसा तो पराटीत, नाल्याच्या काठच्या झुडपांत पडून राहायचा आणि रात्री चालायचा. माणसावर जाणूनबुजून हल्ला केल्याची त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. इतकं चालूनही जनुकांच्या हिशेबात त्याची यात्रा तिथे रिकामीच राहिली. नर दूर जातात, मादी बहुधा आईच्या प्रदेशाजवळच घर करते. म्हणून दूरच्या रिकाम्या जंगलात वाघ पोचला तरी वंश पोचायला वेळ लागतो. मधल्या छोट्या जंगलांना जे महत्त्व आहे ते यासाठी. तिथे वाघिणी राहिल्या, तर पिढ्यापिढ्यांनी पुढे सरकणारी साखळी तयार होते.

सगळे मांसभक्षक मात्र एकाच मापाचे नाहीत. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी 2020 साली मध्य भारतातले वाघ, बिबट, अस्वल आणि रानमांजर असे चार प्राणी एकत्र तपासले. माणसाच्या पसाऱ्याचा अडथळा वाघाला सर्वांत जास्त होतो असं निघालं. टपरीवरचे काका बरोबर होते: बिबट नदीच्या कडेकडेने गावात येऊन कुत्रे उचलून जातो, वाघ ते सहसा करत नाही. कोळसून, म्हणजे रानकुत्रे, हा आणखी वेगळा प्रश्न. ते कळपाने राहतात, त्यामुळे पन्नास रानकुत्रे दिसले तरी प्रजनन करणाऱ्या जोड्या थोड्याच. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांतल्या रानकुत्र्यांच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात त्यांचे गट एकमेकांपासून वेगळे पडत चालल्याचं दिसलं. वाघाइतकं त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि मला हे खटकतं. पेंचच्या जंगलात सकाळी कोळसुनांची शीळ ऐकली की पर्यटकांची गाडी अर्धा मिनिट थांबते आणि वाघाच्या शोधात पुढे जाते.

खवासाहून मी परत फिरलो. कन्हानला पुन्हा पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि पुलावर गाड्यांची तीच रांग. तिथून आता पाण्याबरोबर खाली, मौद्याच्या दिशेने.

हा भाग प्रवासवर्णनात कुणी घेत नाही. सपाट, काळी जमीन, धान आणि मिरचीची वावरं, कालवे, मौद्याचं मोठं वीज केंद्र आणि नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. जंगल म्हणावं असं काही नाही. असतात ती नदीकाठची बाभूळबनं, लेंडीनाल्यांच्या कडेची झुडपं, पडीक जमिनीवरचा पळस, गावाच्या शिवाराबाहेरचं गवत. वनखात्याच्या नकाशात यातलं फारसं रंगवलेलं नसतं. पण वाघ नकाशा पाहून चालत नाही. 2019च्या नोव्हेंबरात नागपूरच्या मिहानमध्ये, विमानतळाच्या पलीकडे, कंपन्यांच्या आवारांजवळ वाघ दिसला होता. शहराच्या इतक्या जवळ तो आला कसा, असं सगळे विचारत होते. तो अशाच पडीक तुकड्यांतून, नाल्यांतून आला असणार. शहराच्या कडेची मोकळी जागा दिसली की तिथे लगेच लेआउट पडतं, चुन्याच्या रेघा आखल्या जातात, फलक लागतो. नागपूरच्या भोवती हे रोज चाललं आहे. कन्हानच्या आजूबाजूलाही. या प्रत्येक लेआउटला परवानगी देताना वाघाचा विचार करायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नाही, कारण तिथे वाघ 'नाही'.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने 2014 साली देशातले 32 प्रमुख व्याघ्र संचारमार्ग नोंदवले. त्यांत कान्हा-पेंच आहे, पेंच-सातपुडा-मेळघाट आहे, कान्हा-नवेगाव-नागझिरा-ताडोबा-इंद्रावती आहे. ही नोंद झाली हे फार चांगलं. पण मला भीती वाटते ती या मोठ्या मार्गांच्या मधल्या, नाव नसलेल्या फटींची. तिथे कुणीही कधीही भिंत घालू शकतो.

अंभोऱ्याला पोचलं की डोळ्यांना विसावा मिळतो. इथे वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्यांचा संगम आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांचं नाव या जागेशी जोडलेलं. गोसीखुर्द धरणाचं पाणी संगमापर्यंत पसरलेलं असल्यामुळे आता नद्यांचे प्रवाह वेगळे दिसत नाहीत, सगळा एकच जलाशय. त्यावर तारांनी तोलून धरलेला नवा पूल, आणि पुलाच्या मनोऱ्यात वर चढून पाहायची सोय. वरून चहूकडे पाणी दिसतं. धरणाने शेतीला पाणी दिलं, हे खरं. त्याच धरणाचा उजवा कालवा कऱ्हांडल्याच्या आणि ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यातून गेला आहे. उभ्या काठाचा, रुंद, प्राण्यांना उतरणं आणि चढणं दोन्ही अवघड, हेही खरं. महामार्गावर नऊ ठिकाणी वाट ठेवता आली, तर कालव्यावरही ती नीट ठेवता येईल, असं मला मनापासून वाटतं.

कऱ्हांडल्याला अभयारण्याचा दर्जा 2012 साली मिळाला. त्यानंतर लवकरच तिथे एक तरुण वाघ आला. नागझिऱ्यातून निघून, महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून आलेला. हाच 'जय'. त्याचा देह आणि दरारा पाहायला लोक देशभरातून आले, कऱ्हांडल्याचं नाव झालं. जनुकांच्या भाषेत पाहिलं तर जयचं खरं मोल त्याच्या आकारात नव्हतं. तो बाहेरून आला, इथल्या वाघिणींबरोबर राहिला, त्याची पिल्लं झाली. संशोधक ज्याला दोन जंगलांमधला जनुकांचा प्रवाह म्हणतात तो लोकांनी जिप्सीत बसून, डोळ्यांनी पाहिला. 2016च्या एप्रिलनंतर जय दिसला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास पुढच्या वर्षी नागभीडजवळ एका वावरात, रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेने मेला. नागपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बोर प्रकल्पातला 'बाजीराव' 2017च्या डिसेंबरात बाजारगावजवळ महामार्गावर गाडीखाली सापडला. लहान संख्येत एकेक नर गेला की किती मोठा तुकडा जातो, हे कागदावरच्या गणितापेक्षा या तीन नावांनी मला जास्त शिकवलं.

वाट पूर्ण बंद झाली तर काय होतं, हेही पाहायला मिळालं आहे. ओडिशातल्या सिमलीपालचे वाघ बाकीच्या वाघांपासून तुटले आहेत. तिथल्या बऱ्याच वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच दिसतो. उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या चमूने 2021 साली दाखवलं की हे एकाच जनुकातल्या बदलामुळे होतं, आणि दोन्ही प्रती तशाच मिळाल्या तरच. भारतात अन्यत्र रानात जवळजवळ न दिसणारा हा प्रकार तिथे सर्रास झाला, कारण थोड्या वाघांतच सगळं चाललंय. लोक काळा वाघ बघायला उत्सुक असतात. मला त्या फोटोंत एकटं पडलेलं जंगल दिसतं.

तिथे नवं रक्त न्यायचं म्हणून 2024 साली आपल्या ताडोब्यातून दोन वाघिणी पाठवल्या गेल्या: आधी जमुना, मग झीनत. झीनत सोडल्यावर थोड्याच दिवसांत निघाली. झारखंडात गेली, पश्चिम बंगालमध्ये गेली, आणि 29 डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. अमेरिकेतही असंच करावं लागलं होतं: फ्लोरिडातल्या पॅंथरांची संख्या वीस-तीसवर आली होती, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. 1995 साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या तेव्हा कुठे तो वंश सावरला. आपल्याकडे नवेगाव-नागझिऱ्यातही 2023च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नेऊन सोडल्या. हे उपाय हवेतच. पण पिंजऱ्यातून नेलेल्या एका वाघिणीमागे किती माणसं, किती पैसा, किती धोका, आणि जय नावाचा वाघ तेच काम एका पैशाशिवाय करून गेला होता. त्याला हवं होतं ते फक्त मधलं शिवार मोकळं.

जुन्या आणि नव्या वाघांची तुलना करणारं एक संशोधन 2013 साली आलं. ब्रिटिश काळात मारलेल्या आणि संग्रहालयांत ठेवलेल्या वाघांच्या कातड्यांतून काढलेले डीएनएचे प्रकार आजच्या वाघांशी ताडून पाहिले, तर त्यातले 93 टक्के आज सापडत नाहीत. महाराष्ट्रात वाघ 2014 साली 190 होते, 2018 साली 312 आणि 2022 साली 444 झाले, याचा आनंद मलाही आहे. पण गेलेले ते प्रकार संख्या वाढल्याने परत येत नाहीत. उरलेले जपायचे तर ते एका जंगलातून दुसऱ्यात फिरते राहिले पाहिजेत. या 444 पैकी निम्म्याच्या आसपास एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. तिथून तरुण वाघ बाहेर पडणार, पडतातच, आणि त्यांच्या वाटेत नागपूर जिल्हा आहे.

कऱ्हांडल्याच्या कडेच्या एका गावात, कुही तालुक्यात, एका शेतकरी भाऊंच्या अंगणात संध्याकाळी बसलो होतो. मोहफुलं अंगणभर वाळत टाकलेली, त्यांचा तो जड, गोडसर वास. त्यांच्या वावराला आता सौर कुंपण आहे. झटका बसतो, पण जीव जात नाही. त्यांनी मला बॅटरीची पेटी उघडून दाखवली, दर दोन-तीन सेकंदांनी होणारा टिकटिक आवाज ऐकवला, तारेखालचं गवत वेळच्या वेळी कापलं नाही तर करंट जमिनीत जातो हे सांगितलं. जिवंत तार सोडणाऱ्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी आवाज न चढवता उत्तर दिलं. डुकरं एका रात्रीत हरभऱ्याचं वाटोळं करतात, भरपाईचे कागद करता करता हंगाम निघून जातो, आणि सौर कुंपणाला सरकारी मदत धरूनही स्वतःचे पैसे घालावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो खांबावरून आकडा टाकतो.

"तुमच्या त्या अभ्यासवाल्यांना एक सांगा," ते म्हणाले. "वाघ जाते तं जाऊ द्या, आमचं काही म्हणणं नाही. तो बी रात्रीच निंगते. पण पंपाची लाईन आम्हाले रात्रीच येते. वाघ बी रात्री वावरात, आमी बी रात्री वावरात. लाईन दिवसा द्या, एवढंच लिहा."